आधी सांध्यातलं पाणी तपासा, मग अँटिबायोटिक द्या
अस्थिरोग शल्यचिकित्सक आणि फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व अस्थिरोग शल्यचिकित्सक आणि फॅमिली डॉक्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

गुडघा बदललेल्या रुग्णाचा तोच गुडघा पुन्हा सुजला, तापला, दुखू लागला किंवा टाक्यांतून पाणी येऊ लागलं, तर सांध्यातलं पाणी काढून कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवल्याशिवाय अँटिबायोटिकची एकही गोळी सुरू करू नका. माझी विनंती एवढीच आहे. पुढचं सगळं पत्र ती का करते आहे हे सांगण्यासाठी.

मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. पस, रक्त, लघवी, सांध्यातलं पाणी यांची कल्चर लावायची, कोणता जंतू वाढला आणि त्याच्यावर कोणतं औषध चालतं ते कळवायचं, हे माझं काम. कृत्रिम गुडघ्यातून आलेल्या नमुन्यांवर मला फार वेळा ‘नो ग्रोथ’ (जंतू वाढला नाही) लिहावं लागतं. नमुना डोळ्यांना गढूळ दिसतो, स्लाइडवर पांढऱ्या पेशींचा खच पडलेला असतो, आत इन्फेक्शन आहे याबद्दल शंका उरत नाही. पण प्लेटवर काही उगवत नाही. मग मी वॉर्डात फोन करून विचारते, रुग्ण आधी काही घेत होता का? उत्तर साधारण ठरलेलं असतं. गावातल्या डॉक्टरांनी सेफिक्झिम या अँटिबायोटिकचा कोर्स दिला होता. त्याने थोडं बरं वाटलं, मग पुन्हा दुखायला लागलं. मग ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी अ‍ॅमॉक्सिक्लॅव्ह दिलं, मग लिनेझोलिड. पाणी काढायचं कुणाला सुचलं, तोवर दोन महिने उलटलेले असतात.

यात कुणाचाही हेतू वाईट नसतो, हे मला माहीत आहे. समोर आजी वेदनेने कळवळत असतात, मुलगा कामावरून रजा टाकून आलेला असतो, ‘काहीतरी द्या’ म्हणत असतो. गोळ्या लिहून देणं त्या क्षणी दयेचंच काम वाटतं. पण कृत्रिम सांध्याच्या बाबतीत त्या गोळ्या रुग्णाचं जे नुकसान करतात, ते पुढे कुणालाच भरून काढता येत नाही.

कारण आतल्या धातूत आणि प्लास्टिकमध्ये आहे. १९५७ साली इलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांच्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस जंतू टोचून पाहिले. निरोगी त्वचेत पू व्हायला लाखोंनी जंतू लागत होते. त्याच जागी रेशमाचा एक टाका असला, तर त्यासाठी लागणारी जंतूंची संख्या जवळपास दहा हजार पटींनी कमी झाली. एका टाक्याने हे होतं, तर कोबाल्ट-क्रोमियम, पॉलिएथिलीन आणि सिमेंट यांच्या एवढ्या मोठ्या पृष्ठभागाने काय होत असेल? या पृष्ठभागाला रक्तपुरवठा नाही. पांढऱ्या पेशी तिथे नीट पोहोचत नाहीत. जंतू चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि त्यात राहू लागतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो, तसंच हे. त्यालाच आपण बायोफिल्म म्हणतो. या थरातले बरेचसे जंतू वाढणं जवळजवळ थांबवतात, आणि वाढणाऱ्या जंतूला मारण्यासाठी बनवलेली बहुतेक अँटिबायोटिक त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरतात. मोकळ्या जंतूला मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो, कधी हजार पट मात्राही त्यांना पुरत नाही. एवढी मात्रा माणसाच्या शरीरात देताच येत नाही.

म्हणून गोळ्यांनी नेमकं काय होतं, तर सांध्याच्या पाण्यात मोकळे तरंगणारे जंतू मरतात. सूज उतरते, शरीरातला दाह दाखवणारा रक्तातला सीआरपी खाली येतो, रुग्ण हसतमुखाने घरी जातो. धातूवरचा थर जागच्या जागी राहतो आणि जाड होत जातो. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत त्यातून जंतू पुन्हा सुटतात. मधल्या काळात दोन गोष्टी हातच्या गेलेल्या असतात.

पहिली म्हणजे वेळ. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिनाभरात, किंवा अनेक वर्षं छान चाललेल्या गुडघ्यात अचानक इन्फेक्शन आलं तर लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण तीन आठवड्यांत, सांधा वाचवता येण्याची चांगली शक्यता असते. गुडघा उघडायचा, खराब झालेल्या ऊती कापून काढायच्या, मधला पॉलिएथिलीनचा भाग बदलायचा, भरपूर धुवायचं आणि जंतू ओळखून नेमकं औषध द्यायचं. हाडात बसवलेले धातूचे भाग तसेच राहतात. ही खिडकी बंद झाली की सगळं काढावं लागतं. जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली गुडघ्यासाठी मांडलेली दोन टप्प्यांची पद्धत पुढे स्पेसरची जोड मिळून आजही जगभर वापरली जाते: एका ऑपरेशनमध्ये इम्प्लांट आणि सिमेंट काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर, म्हणजे सांध्याच्या जागी तात्पुरता ठोकळा, ठेवायचा, काही आठवडे औषधं द्यायची आणि इन्फेक्शन आटोक्यात आल्यावर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये नवा सांधा बसवायचा. स्पेसर असलेल्या पायावर त्या आजी महिनोन्‌महिने कशा वावरतात, ते आपण माझ्यापेक्षा कितीतरी जवळून पाहिलेलं आहे. सांधा वाचवण्याचे ते तीन आठवडे कितीदा सेफिक्झिमच्या दोन कोर्सांतच संपून जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे जंतूची ओळख. मेयो क्लिनिकमधल्या ट्रॅम्पुझ आणि सहकाऱ्यांचा २००७ सालचा अभ्यास मला वारंवार आठवतो. काढलेलं इम्प्लांट ध्वनिलहरींनी हलवून त्यावरचे जंतू सोडवायचे आणि त्या द्रवाचं कल्चर करायचं, ही त्यांची पद्धत. पण मला त्यातला एक तपशील जास्त महत्त्वाचा वाटतो. ऑपरेशनआधीच्या १४ दिवसांत अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णांमध्ये नेहमीच्या ऊतींच्या कल्चरमध्ये जंतू सापडण्याचं प्रमाण अवघं ४५ टक्के होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त जणांत इन्फेक्शन असूनही जंतू हाती लागला नाही. आपल्याकडे इम्प्लांट ध्वनिलहरींनी हलवण्याची सोय असलेल्या प्रयोगशाळा थोड्याच आहेत, त्यामुळे ती उणीव भरून काढणंही जमत नाही.

जंतू कळला नाही तर उपचार होतात, पण अंधारात. मग व्हँकोमायसिन आणि मेरोपेनेम ही दोन्ही अँटिबायोटिक सुरू होतात, कारण काहीच सोडून चालत नाही. मूत्रपिंडांवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन वाढू लागतं. मधुमेही रुग्णाची मूत्रपिंडं आधीच थकलेली असतात. खर्चाचं तर बोलायलाच नको. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा गुडघा ५४,७२० रुपयांवर आला आणि रिव्हिजनचा, म्हणजे पुन्हा बदलताना लागणारा, ६२,७७० रुपयांवर, जीएसटी वेगळा. त्याआधी हे आकडे लाखांत होते. या निर्णयाने कितीतरी कुटुंबांना ऑपरेशन परवडू लागलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण इन्फेक्शन झालेल्या गुडघ्याच्या खर्चात इम्प्लांट हा एक भाग. दोन ऑपरेशन, स्पेसर, आठवडेच्या आठवडे चालणारी इंजेक्शनं आणि बुडालेली मजुरी कुठल्याच किंमत-मर्यादेत बसत नाही.

जंतू वेळेवर हाती लागला, तर किती दारं उघडतात ते पाहा. जुना सांधा काढून त्याच ऑपरेशनमध्ये नवा बसवण्याची पद्धत हॅम्बुर्गमध्ये बुखहोल्त्स यांनी १९७० च्या दशकात रूढ केली. रुग्णाला दुसऱ्या ऑपरेशनमधून सोडवणारी ही पद्धत, आणि तिची मूळ अट हीच की जंतू ऑपरेशनच्या आधीच माहीत हवा, म्हणजे सिमेंटमध्ये कोणतं अँटिबायोटिक मिसळायचं ते ठरवता येतं. ब्रिटनमधल्या २६ रुग्णालयांनी हाडांच्या आणि सांध्यांच्या इन्फेक्शनच्या १,०५४ रुग्णांवर केलेला ओव्हिव्हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. पहिले सहा आठवडे शिरेतून औषध दिलेल्या आणि तोंडाने दिलेल्या रुग्णांमध्ये उपचार फसण्याचं प्रमाण जवळपास सारखंच होतं: १४.६ टक्के आणि १३.२ टक्के. आपल्या रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? बीड किंवा गोंदियाच्या खेड्यातल्या बाईला सहा आठवडे सलाईनसाठी शहरात राहावं लागणार नाही. ती गोळ्या घेऊन घरी जाऊ शकेल. पण कोणत्या गोळ्या, हे तिचा जंतू आणि त्याची संवेदनशीलता कळल्याशिवाय कसं सांगणार?

औषध किती दिवस, हाही प्रश्न असाच. फ्रान्समधल्या दातिपो अभ्यासात, २०२१ साली, सहा आठवडे औषध घेतलेल्यांपैकी १८.१ टक्के रुग्णांत इन्फेक्शन टिकून राहिलं, बारा आठवडे घेतलेल्यांत ९.४ टक्के. म्हणजे कमी दिवसांत भागवण्याचा मोह आवरायला हवा. आणि रुग्ण बारा आठवडे जे औषध गिळणार, ते अंदाजाने निवडलेलं असू नये, एवढं तरी आपण त्याचं देणं लागतोच ना?

रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या औषधाबद्दल मला थोडं थांबून लिहायचं आहे, कारण त्याचा आपल्या देशाशी फार जवळचा संबंध आहे. बायोफिल्ममधल्या स्टॅफिलोकॉकसवर जी मोजकी औषधं चालतात, त्यांत हे आघाडीवर. झिमर्ली यांनी १९९८ साली केलेली चाचणी लहान होती, पण तिचा निकाल लक्षात राहणारा आहे. इम्प्लांटभोवतीचा भाग लवकर धुतलेल्या रुग्णांपैकी सिप्रोफ्लॉक्सासिनसोबत रिफॅम्पिसिन घेऊन उपचार पूर्ण केलेले १२ पैकी १२ बरे झाले, तर नुसतं सिप्रोफ्लॉक्सासिन घेतलेल्यांपैकी १२ पैकी ७. पण हे औषध एकटं दिलं तर काही दिवसांत जंतू त्याला दाद देईनासे होतात. जखम वाहती असताना दिलं तरी धोका तोच. आणि आपल्याकडे क्षयरोग घरोघरी आहे. कृत्रिम गुडघ्यातही क्षयाचे जंतू सापडतात. क्षयाची तपासणी न करता एखाद्या रुग्णाला अंदाजाने रिफॅम्पिसिन सुरू केलं, तर क्षय दबतो, पण बरा होत नाही, आणि पुढे प्रतिरोधक होऊन समोर येऊ शकतो. म्हणून नमुन्याचा एक भाग क्षयाच्या तपासणीलाही पाठवा: सीबीनॅट ही जनुकांवरून क्षयाचा जंतू ओळखणारी चाचणी आणि द्रवमाध्यमातलं कल्चर. क्षयाचे नसलेले, पण त्याच कुळातले जलद वाढणारे जंतूही कृत्रिम सांध्यात आढळतात. साध्या प्लेटवर ते काही दिवसांनी उगवतात आणि घाईत ‘कंटॅमिनंट’ (बाहेरून मिसळलेले जंतू) म्हणून फेकले जाऊ शकतात.

आता अपवाद. रुग्णाला थंडी वाजून ताप आहे, रक्तदाब खाली गेला आहे, माणूस गुंगीत आहे, तर वाट पाहू नका. रक्ताचं कल्चर घ्या, जमलं तर त्याच वेळी सांध्यातलं पाणी घ्या आणि लगेच शिरेतून औषध सुरू करा. जीव सांध्याआधी. पण असे रुग्ण थोडे. बहुतेक जण ‘बरेच दिवस ठणकतंय’ म्हणत आलेले असतात. त्यांच्यासाठी एक-दोन दिवसांचा उशीर काही बिघडवत नाही. कुणी आधीच अँटिबायोटिक घेत असेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर ते थांबवून शक्यतो दोन आठवड्यांनी पाणी काढा. ऑपरेशनच्या टेबलावर चीर देण्याआधी जो एक डोस देतात, त्याबद्दल मी बोलत नाही. त्याने कल्चरवर फारसा परिणाम होत नाही असं अभ्यासांत दिसलं आहे. नुकसान करतात ते आठवड्यांचे कोर्स.

फॅमिली डॉक्टरांना माझं विशेष सांगणं. गुडघ्यात सुई आपण आपल्या दवाखान्यात घालावी असं मी मुळीच म्हणत नाही. ते काम निर्जंतुक वातावरणात शल्यचिकित्सकाने करावं. आपलं काम त्याहून सोपं आणि त्याहून मोलाचं आहे: चिठ्ठीवर ‘अँटिबायोटिक दिलेलं नाही, सांध्याचं पाणी तपासावं’ असं लिहून रुग्णाला त्याच दिवशी पुढे पाठवायचं. वेदनेसाठी पॅरासिटामॉल द्या. सीआरपी आणि ईएसआर या रक्ततपासण्या करून घेतल्या तर चांगलंच, फक्त सीआरपी नॉर्मल आला म्हणून इन्फेक्शन नाही असं धरू नका. मंदगतीच्या जंतूंमध्ये तो नॉर्मल राहू शकतो. आणि ज्यांचा गुडघा बदललेला आहे, त्यांच्या पायाच्या भेगा, मधुमेही पायाची जखम, लघवीचं इन्फेक्शन, दातातला पू यांकडे लक्ष असू द्या. तिथून रक्तावाटे जंतू गुडघ्यात पोहोचतात, कधी ऑपरेशननंतर दहा वर्षांनीही. सेफिक्झिम औषधांच्या एच-वन यादीत आहे. चिठ्ठीशिवाय ते मिळू नये आणि मेडिकलवाल्याने वेगळ्या वहीत नोंद करावी, असा नियम २०१४ पासून आहे. प्रत्यक्षात काय चालतं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून रुग्णालाही बजावून ठेवा, की गुडघ्यासाठी दुकानातून गोळ्या घ्यायच्या नाहीत.

शल्यचिकित्सकांना सांगायचं आहे ते जरा अवघड आहे. ऑपरेशननंतर सहाव्या-सातव्या दिवशीही टाक्यांतून पाणी येत असेल, तर ‘वरवरचं आहे, ड्रेसिंग करत राहा, गोळ्या वाढवू’ असं म्हणणं माणसाला सोपं जातं. आपल्या हातच्या ऑपरेशनमध्ये इन्फेक्शन झालं हे कुणालाही मान्य करायचं नसतं, नातेवाइकांना सांगायची भीती वाटते, रुग्णालयाच्या नावाची काळजी वाटते. पण इन्फेक्शन उत्तम हातांतही होतं. शंभरात एक-दोन गुडघ्यांत ते जगभर होतं. जॉन चार्नली यांनी ब्रिटनमध्ये खुब्याच्या ऑपरेशनमधल्या इन्फेक्शनचा हिशेब ठेवला, सुरुवातीचं सुमारे सात टक्क्यांचं प्रमाण उघडपणे लिहिलं, आणि शुद्ध हवेची सोय, ऑपरेशनच्या वेळचे कपडे, पद्धती यांत बदल करत ते एका टक्क्याच्या खाली आणलं. २००० आणि २००१ साली पंतप्रधान वाजपेयींचे गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले, तेव्हा हे ऑपरेशन घराघरांत पोहोचलं. आज तालुक्याच्या गावीही गुडघे बदलले जातात. इतक्या लोकांनी विश्वास टाकला आहे. त्यांच्यापैकी एखाद्याचा गुडघा बिघडला, तर ‘इन्फेक्शन असू शकतं, आधी तपासू’ हे वाक्य पहिल्याच भेटीत त्यांच्या कानावर पडायला हवं.

नमुना कसा पाठवायचा, हे सांगणं माझं कर्तव्यच आहे, कारण अर्धं काम इथे बिघडतं. जखमेच्या तोंडावरचा स्वॅब पाठवू नका. त्यात त्वचेवरचे जंतू वाढतात आणि आत कोण आहे ते कळत नाही. सांध्यातलं पाणी निर्जंतुक डबीत पाठवा आणि त्याचा काही भाग काढल्या काढल्या रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत घाला. पेशींच्या मोजणीसाठी थोडं पाणी ईडीटीएच्या (गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये वेगळं द्या. ऑपरेशनमध्ये पाच ते सहा वेगवेगळ्या जागचे ऊतींचे तुकडे घ्या, प्रत्येकासाठी वेगळं हत्यार, वेगळी डबी. एकाच तुकड्यात त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस उगवला, तर तो बाहेरून आलेला की आतला, हे मला ठरवता येत नाही. दोन वेगळ्या तुकड्यांत तोच जंतू मिळाला, तर निदान पक्कं होतं. आणि कल्चरसाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका. हे हात जोडून सांगते. हिस्टोपॅथॉलॉजीचा (सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहण्याचा) तुकडा वेगळा, कल्चरचा वेगळा. फॉर्मॅलिनमध्ये आलेल्या तुकड्यातले सगळे जंतू वाटेतच मेलेले असतात, आणि त्या रुग्णाचं ऑपरेशन पुन्हा करता येत नाही. डबी रात्रभर फ्रिजमध्येही ठेवू नका, लगेच प्रयोगशाळेत पाठवा.

फॉर्मवर नुसतं ‘पस सी/एस’ (पसाचं कल्चर आणि संवेदनशीलता) लिहिलेलं असलं की प्रयोगशाळा त्याला साधा पस समजते आणि दोन-तीन दिवसांत रिपोर्ट देऊन प्लेट टाकून देते. म्हणून लिहा: ‘कृत्रिम गुडघा. आधी दिलेलं अँटिबायोटिक आणि त्याच्या तारखा अमुक. प्लेट १४ दिवस ठेवा.’ मंद वाढणारे जंतू दुसऱ्या आठवड्यात दिसतात. माझ्या व्यवसायबंधूंनाही इथेच सांगते, की असा फॉर्म आला तर जागा नाही म्हणून प्लेट काढून टाकू नका, आणि रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’ लिहिण्याआधी एक फोन नक्की करा.

शेवटची सूचना शल्यचिकित्सकांच्या संघटनांसाठी. डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचा स्टिकर फाइलमध्ये लावून देतात, ती फाइल पुढे कपाटात जाते. त्याऐवजी पाकिटात मावेल असं मराठीतलं एक कार्ड प्रत्येक रुग्णाला द्या. त्यावर कोणत्या पायाचा गुडघा, कोणत्या तारखेला बदलला, कोणतं इम्प्लांट, आणि ठळक अक्षरांत एक ओळ: ‘हा गुडघा सुजला, तापला, दुखला किंवा जखमेतून पाणी आलं, तर पाणी तपासल्याशिवाय अँटिबायोटिक देऊ नये. ताबडतोब ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे पाठवावे.’ रुग्ण वाचू शकत नसला तरी समोरचा डॉक्टर वाचेल. अशा कार्डाचा मसुदा ठरवायला बसाल, तर प्रयोगशाळेच्या बाजूने लागेल ती सगळी मदत करायला मी आणि माझ्यासारखे अनेक जण तयार आहोत.

आपली नम्र,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ